कार्डं घरोघरी पोचली, मग क्लेम का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गरीब ग्रामीण जिल्ह्यात सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी कागदोपत्री जवळपास पूर्ण झाली आहे, पण वर्षभरात आलेले क्लेम, म्हणजे उपचाराच्या पैशांसाठी योजनेकडे केलेल्या मागण्या, अगदीच किरकोळ आहेत. वरिष्ठांचं मत असं की लोकांना योजना माहीतच नाही, तेव्हा जोरदार जनजागृती मोहीम घ्या. ती जबाबदारी प्रश्नकर्त्याकडे आली आहे आणि मोहिमेत काय काय असावं, असं त्यांनी विचारलं आहे.

अशा योजनांच्या अंमलबजावणीत मी बरीच वर्षं घालवली आहेत. सुरुवातीला क्लेम तपासण्याच्या टेबलावर होतो, पुढे हॉस्पिटलं योजनेत जोडून घेण्याचं काम केलं. मोहिमेबद्दल शेवटी लिहितोच. पण लोकांना माहिती नाही म्हणूनच ते येत नाहीत, हे कशावरून? पुष्कळदा गावात योजनेची पक्की माहिती असते. शेजारचा कुणीतरी कार्ड घेऊन जाऊन आलेला असतो, त्याचं तिथे काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि म्हणूनच पुढचा माणूस जात नाही. अशा ठिकाणी पत्रकं वाटणं म्हणजे लोकांना त्यांच्याच अनुभवाविरुद्ध पटवायला जाणं.

बरंच काही योजनेच्या रचनेवर अवलंबून आहे, आणि ती प्रश्नात आलेली नाही. हप्ता कुटुंब भरतं की सरकार? फक्त भरती झाल्यावरचा खर्च मिळतो की ओपीडी आणि औषधंही? हॉस्पिटलला पैसे परस्पर मिळतात की रुग्णाने आधी भरून मग मागायचे? क्लेमचे पैसे भरण्याची जोखीम विमा कंपनीवर आहे की सरकारने नेमलेल्या संस्थेवर? एकंदर सुरावरून मी असं धरून चालतो की हप्ता सरकार भरतं, योजना कॅशलेस आहे आणि मुख्यतः भरती रुग्णांसाठी आहे. तुमच्याकडे वेगळं असेल तर खालचं त्या बेताने वाचा.

मुळात विमा ही उपचाराचं बिल भरण्याची हमी आहे. उपचार उभे करण्याची ताकद तिच्यात फार थोडी असते. जिथे भूल देणारा डॉक्टर नाही तिथे सिझेरियनचं पॅकेज, म्हणजे त्या उपचारासाठी योजनेने ठरवलेली एकत्रित रक्कम, कितीही घसघशीत ठेवा, सिझेरियन होणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यामुळे विम्याचा पैसा जिथे हॉस्पिटलं आहेत तिकडे वाहतो, मग आजार कुठेही असोत. भारतात २०१८ पासून प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कागदावर ही हमी केरळात आणि बिहारमध्ये सारखीच. पण हॉस्पिटलांचं जाळं दाट असलेल्या केरळात लोकसंख्येच्या मानाने तिचा वापर कितीतरी जास्त झाला, आणि गरिबी जिथे अधिक त्या बिहारमध्ये तो फार कमी राहिला. जोखीम विमा कंपनीकडे असेल तर आणखी एक गोष्ट घडते. हप्ता दर कुटुंबामागे सारखाच भरला जातो, क्लेम येत नाहीत आणि करारात रक्कम परत करण्याचं कलम नसेल तर गरीब भागासाठी काढलेला पैसा कंपनीच्या खात्यात पडून राहतो. कमी क्लेमबद्दल कुणी तक्रार करत नाही, याचं हेही एक कारण आहे.

म्हणून पहिलं काम, योजनेतल्या हॉस्पिटलांची यादी घ्या आणि संख्येकडे दुर्लक्ष करा. यादीत दहा-बारा नावं असतात. त्यातली दोन-चार फक्त डोळ्यांची, उरलेली बहुतेक एकाच शहरात. प्रत्येकापुढे गेल्या तीन महिन्यांत कोणती पॅकेजं प्रत्यक्षात झाली तेवढं लिहा. नाव यादीत असूनही एकही केस न केलेली हॉस्पिटलं निघतील. बाळंतपणातली गुंतागुंत, हाड मोडणं, हर्निया, तान्ह्या बाळाचा न्यूमोनिया असे नेहमीचे प्रसंग घ्या आणि सर्वांत लांबच्या गावातून यांतलं कुठे, किती तासांत होऊ शकतं ते नकाशावर मांडा. एवढ्यानेच अर्धं उत्तर मिळतं.

या बाबतीत थायलंडचं उदाहरण मी नेहमी देतो. तिथली सार्वत्रिक योजना २००२ मध्ये देशभर लागू झाली. दर खेपेला ३० बाट द्यायचे आणि उपचार घ्यायचे, म्हणून ती ‘३० बाटची योजना’ याच नावाने गाजली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७०च्या दशकापासून, नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची झाली होती. १९८०च्या दशकात शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या विस्ताराला काही वर्षं लगाम घालून तो पैसा जिल्ह्यांच्या पोटातल्या छोट्या हॉस्पिटलांकडे आणि आरोग्य केंद्रांकडे वळवला गेला होता. विमा आला तेव्हा तो वापरायला जागा होती. दुसरं म्हणजे, ओपीडीचे पैसे तिथे नोंदणीकृत माणसांच्या संख्येवर ठरतात आणि स्थानिक यंत्रणेला मिळतात. प्रत्येक खोकल्याचा वेगळा क्लेम करावा लागत नाही. या पद्धतीचा तोटाही आहे. ठरलेली रक्कम हातात पडली की कमी तपासण्याकडे आणि रेफर करायला टाळाटाळ करण्याकडे कल होऊ शकतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. तरीही दुर्गम भागात ‘आधी खर्च करा, मग मागा’ यापेक्षा ती मला बरी वाटते. का, ते पुढे येईल.

आता रुग्णाच्या बाजूने बघू. हर्नियाचा त्रास असलेला शेतमजूर घ्या. शस्त्रक्रिया शंभर टक्के योजनेत बसते. पण तिथपर्यंत पोचायला त्याला आधी एकदा नुसतं दाखवायला जावं लागतं, मग रक्त आणि सोनोग्राफी, मग तारीख. या प्रत्येक खेपेचा प्रवास त्याचा, बुडालेली मजुरी त्याची आणि सोबत येणाऱ्याचीही. भरती होण्याआधीच्या तपासण्या योजनेत धरायच्या की नाही, याचे नियम बहुधा असे असतात की भरती झालाच तर धरायच्या. डॉक्टर म्हणाले ‘सध्या गरज नाही’, तर तो खर्च अंगावर. घरी परतल्यावरची औषधं ठरावीक दिवसांपुरतीच. तेव्हा ‘मोफत शस्त्रक्रिये’साठी त्याला उसनवारी करावी लागते, आणि तो दुखणं अंगावर काढतो. हा त्याचा अडाणीपणा म्हणता येणार नाही. हिशेब त्याने बरोबर केलेला असतो.

योजना आखणाऱ्यांना हे कळत नाही असंही नाही. भारतात २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं आणि प्रवासासाठी दर वेळी १०० रुपये, वर्षाला १,००० रुपयांपर्यंत, अशी तरतूद होती. रक्कम तुटपुंजी, पण विचार योग्य. कंबोडियात २०००च्या आसपास सुरू झालेल्या ‘हेल्थ इक्विटी फंडां’नी पुढची पायरी गाठली. गरीब रुग्णाची हॉस्पिटलची फी तर हे फंड भरतातच, शिवाय प्रवासाचा आणि सोबतच्या माणसाच्या जेवणाचा खर्चही देतात. तुमच्या योजनेत असा भत्ता असेल तर तो डिस्चार्जच्या वेळी रोख हातात पडतो की महिन्यांनी बँकेत जमा होतो ते बघा. घरून निघतानाच ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याला महिन्यांनी येणारी रक्कम काय कामाची?

शिवाय गरीब घराचा आरोग्यावरचा खर्च मोठ्या शस्त्रक्रियांपेक्षा ओपीडी आणि औषधांवर जास्त होतो. मधुमेह, रक्तदाब, मिरगी, दमा यांत महिन्यामागून महिना पैसा जातो. फक्त भरतीचा विमा तिथे हातच लावत नाही. चीनने २००३ मध्ये नवी ग्रामीण सहकारी वैद्यकीय योजना सुरू केली आणि काही वर्षांतच बहुतांश ग्रामीण लोकसंख्या तिच्यात आणली. सुरुवातीच्या वर्षांच्या अभ्यासांत असं दिसलं की लोक दवाखान्यात जास्त जायला लागले, पण खिशातून जाणारा पैसा फारसा कमी झाला नाही. परतावा अपुरा होता आणि हॉस्पिटलांची कमाई जास्त तपासण्या, जास्त औषधं यांवर चालत होती. नोंदणीचा आकडा आणि लोकांचा दिलासा हे दोन वेगळे हिशेब आहेत.

आता माझ्या जुन्या टेबलाकडे येतो, कारण बहुतेक वेळा घोडं अडतं ते इथेच, आणि बाहेरून ते दिसत नाही.

एका दूरच्या छोट्या हॉस्पिटलमधून फाइल येते. कार्डावर नाव ‘सुमन’, वय ४२. ओळखपत्रावर ‘सुमनबाई’, वय ४७. तपासणारा शेरा मारतो, ‘नाव व वयात तफावत, खुलासा करावा’. नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलं नाही. आता खुलासा करायचा कोणी? हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणारा माणूस तोच, जो सकाळी केसपेपर काढतो आणि दुपारी औषधं देतो. सुमनबाई डिस्चार्ज घेऊन कधीच घरी गेलेल्या, त्यांच्या गावात रेंज नाही. उत्तराची मुदत टळते आणि प्रणाली आपोआप शेरा देते, ‘प्रतिसादाअभावी नामंजूर’. टेबलावर फाइल बंद, प्रलंबित फाइल एकने कमी, सगळे खूश. तिकडे उपचार करून बसलेल्या डॉक्टरचे पैसे बुडाले.

नामंजूर क्लेमची कारणवार यादी काढता आली तर ‘प्रतिसादाअभावी’ हा रकाना सर्वांत आधी वाचा, हॉस्पिटलनिहाय. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत योजनेसाठी स्वतंत्र डेस्क असतो, तिथे हा आकडा नगण्य निघतो. दुर्गम भागातल्यांचा तो फुगलेला असतो. म्हणजे फसवेगिरी पकडायला लावलेली चाळणी ज्यांच्याकडे कारकून नाही त्यांनाच गाळते.

नामंजुरीपेक्षाही जास्त त्रास उशिराचा. पैसे दोन-तीन महिने थकले तर छोटं हॉस्पिटल पदरमोड करून चालवून नेतं. त्यापुढे ते हात आखडता घेतं. ‘आम्ही कार्ड घेत नाही’ असं कोणीही तोंडाने म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर कारवाई होते. ते असं ऐकू येतं: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ ‘खाट रिकामी नाही.’ ‘हे पॅकेजमध्ये बसत नाही.’ ‘इंजेक्शनं तेवढी बाहेरून आणा.’ एकच वाक्य होऊन हे गावात पोचतं, ‘कार्ड चालत नाही.’ त्यापुढे तुमचं पथनाट्य काय करणार?

निधीसाठी वेगळा कर लावला म्हणून हा उशीर टळतो, असंही नाही. घानाने २००३ च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य विमा आणला. त्यासाठी वस्तू-सेवांवर २.५ टक्के अधिभार आणि पगारदारांच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीतला वाटा असा हक्काचा पैसा ठेवला. आफ्रिकेत त्या योजनेचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण हा पैसा सरकारी तिजोरीतून विमा प्राधिकरणाकडे आणि तिथून दवाखान्यांकडे यायला वारंवार महिनोन्महिने लागले, आणि विमा असलेल्या लोकांकडूनच रोख पैसे मागणं सुरू झालं. म्हणून म्हटलं, दुर्गम भागात पैसा आधी पोचवणारी पद्धत मला बरी वाटते. पूर्ण पद्धत बदलणं तुमच्या हातात नसेल, पण छोट्या हॉस्पिटलांना फिरती आगाऊ रक्कम देणं, किंवा फाइल आल्याबरोबर ठरावीक हिस्सा देऊन बाकी तपासणीनंतर देणं, एवढं मागता येतं. ही मागणी वर गेली की पहिला आक्षेप गैरव्यवहाराचा येईल.

तो आक्षेप खोटा नाही. २०१२ च्या सुमारास बिहार आणि छत्तीसगडमध्ये विम्याच्या पैशांसाठी बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याचं उघड झालं होतं. ज्यांनी ते सोसलं त्यांच्यापुढे ‘नियम शिथिल करा’ म्हणण्याची कोणाची हिंमत होऊ नये. पण धोका सगळीकडे सारखा नसतो. नियोजित, महागडी, सहज फुगवता येणारी पॅकेजं कडक पूर्वमंजुरीखाली ठेवा. साप चावलेला माणूस, न्यूमोनिया झालेलं मूल, अडलेलं बाळंतपण यांचे पैसे आधी द्या आणि नंतर नमुन्यादाखल घरी जाऊन तपासा. घरभेटीतून जे कळतं ते अपलोड केलेल्या फोटोंतून कधीच कळत नाही.

पॅकेजच्या दरांचंही बघा. राजधानीत आणि रस्त्याच्या शेवटच्या टोकाला एकच दर असेल तर टोकाचं हॉस्पिटल तोट्यातच काम करणार. तिथे तज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो, रक्त आणि ऑक्सिजन लांबून आणावे लागतात. भारताच्या योजनेत आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून सरकारने निवडलेल्या, जिल्ह्यांतल्या हॉस्पिटलांना १० टक्के जादा देण्याची तरतूद आहे, तसं काही तुमच्याकडे आहे का? आणि सरकारी हॉस्पिटलने केलेल्या क्लेमचा पैसा त्याच हॉस्पिटलला वापरता येतो, की वर तिजोरीत जमा होतो? तिजोरीत जात असेल तर तिथला डॉक्टर क्लेम भरण्याची उठाठेव का करेल? अनेकदा उपचार होतात, रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि क्लेम भरलाच जात नाही. मग योजनेच्या लेखी त्या जिल्ह्यात कोणी आजारीच पडलेलं नसतं. तुमच्याकडच्या ‘कमी क्लेम’पैकी थोडे या प्रकारचे असणार, असा माझा अंदाज आहे.

नोंदणीच्या टक्केवारीवर मात्र फार विश्वास ठेवू नका. २०२३ मध्ये भारताच्या संसदेत मांडलेल्या, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात असं निघालं की सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदले होते. फॉर्ममधला रकाना रिकामा सोडता येत नव्हता म्हणून कुणीतरी नऊ दाबत गेलं असणार. पण पुढे त्या कुटुंबांना निरोप द्यायचा तर तो कुठे देणार? याद्याही शिळ्या असतात. २०१८ च्या योजनेला २०११ च्या पाहणीची यादी वापरली गेली. मधल्या सात वर्षांत लग्नं झाली, मुलं झाली, घरं फुटली. कामासाठी बाहेर गेलेल्यांचं तर कार्ड गावी पेटीत आणि ते स्वतः भलतीकडे.

हप्त्याबद्दल थोडक्यात, तुमच्याकडे तो कुटुंबाला भरावा लागत असेल तर. ऐच्छिक हप्त्यावर गरीब ग्रामीण भाग पूर्ण झाकला जात नाही. आजारी असलेले आधी येतात, धडधाकट थांबतात आणि निधी कोलमडतो. विम्यात येणं ऐच्छिक असेल तर सर्वांना संरक्षण देणं अशक्य आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं. रवांडाचं नाव नेहमी पुढे येतं, पण तिथे सहभाग जवळपास सक्तीचा आहे, स्थानिक प्रशासनावर उद्दिष्टाचं दडपण आहे आणि २०११ च्या सुमारास हप्ते ऐपतीनुसार ठरल्यावर सर्वांत गरिबांचा हप्ता बाहेरून भरला जाऊ लागला. हे सगळं वगळून फक्त ‘सामुदायिक विमा’ उचललात तर हाती काही लागणार नाही. आणि हप्ता घ्यायचाच असेल तर पीक हातात आल्यावर घ्या, पेरणीच्या तोंडावर नको.

आता मोहीम. ती करा, पण लहान ठेवा आणि हॉस्पिटलांपासून सुरू करा. ज्या दोन-तीन ठिकाणी खरोखर उपचार मिळतात आणि थकबाकी कमी आहे, तेवढ्यांच्याच परिसरातल्या गावांत पहिल्यांदा जा. ‘एवढ्या लाखांचं संरक्षण’ हा आकडा पत्रकावर नसला तरी चालेल. तो ऐकून कोणी घरून निघत नाही. लोकांना हवं असतं ते वेगळंच. कोणत्या वारी कोणता डॉक्टर असतो, सोबत काय न्यायचं, कशाचे पैसे द्यायचे नाहीत आणि कोणी मागितले तर फोन कोणाला करायचा. त्या फोनला उत्तर देणारा माणूस हॉस्पिटलच्या दारातच बसलेला असला पाहिजे आणि त्याचा पगार हॉस्पिटलने देता कामा नये. गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला माइक देण्यापेक्षा पहिल्या काही रुग्णांसोबत जायला भत्ता द्या. ते रुग्ण बरे होऊन, एक पैसाही न देता परत आले की पुढची प्रसिद्धी फुकट होते.

वरिष्ठांना ‘मोहीम नको’ असं थेट सांगू नका, ते पचणार नाही. दोन आठवड्यांची पूर्वतयारी म्हणून मागा आणि त्या काळात एकच तक्ता बनवा. जिल्ह्यातल्या रुग्णांनी वापरलेलं प्रत्येक हॉस्पिटल, तिथे गेल्या तीन महिन्यांत झालेल्या केसेस, प्रतिसादाअभावी नामंजूर झालेले क्लेम आणि सर्वांत जुना न दिलेला क्लेम किती दिवसांचा आहे तो आकडा. शेवटचा रकाना उतरत्या क्रमाने लावून द्या. बैठकीत पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी जनजागृती विभागाची नसेल.